साडूंची बेडकी

जर्मनीतल्या तमाम मराठी माणसांत बेडकीच्या बाळंतपणासाठी ऑफिसात रजा टाकणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमचा साडू निघावा! हे गृहस्थ न्युरेम्बर्गला इंजिनीअर. घरात काचेच्या पेटीत दक्षिण अमेरिकेच्या डोंगरी जंगलातली, झाडावर राहणारी एक बेडकी. कांगारूला पिशवी पोटाशी, हिला पाठीवर. अंडी तिथेच वाढतात. डोंगरातली म्हणून तिला गारवा लागतो, त्यामुळे भर जानेवारीतही साडूंकडे हायत्सुंग, म्हणजे घर तापवायचा हीटर, बंद. पाहुण्यांना चहाच्या आधी शाल मिळते. माझी मेहुणी एकदा वैतागून म्हणाली, "अहो, मीही गारठते!" त्यावर हे शांतपणे, "गेनाऊ, अगदी बरोबर. पण तुला स्वेटर घालता येतो."

बेडकीची पाठ फुगली तेव्हा यांनी चक्क डोहाळजेवण केलं. सवाष्णींना पुरणपोळी, बेडकीला वाटीत जिवंत रातकिडे. त्यातला एक ओटीच्या तांदळात शिरला आणि बायका किंचाळत बाल्कनीत पळाल्या. मला हसू आवरेना, तर म्हणाले, "पहिलटकरीण आहे हो, थट्टा नको."

मग जुलैत उकाडा आला. इथल्या घरांना एसी कुठला! बेडकी मलूल झाली, खाईना. थर्मोकोलच्या खोक्यात घालून साडू तिला रेल्वेनं आमच्याकडे इंगोलश्टाटला घेऊन आले, कारण आमचं केलर, म्हणजे तळघर, उन्हाळ्यातही गार असतं. "हिचं काही खरं नाही. ही गेली तर पोरंही जातील," एवढंच बोलले आणि सायकलींच्या गर्दीत खुर्ची टाकून बसले. "भाऊजी, दोन घास तरी खा," म्हणून माझी बायको विनवायची, हे नुसती मान हलवायचे. त्यांचा उतरलेला चेहरा बघून माझाही जीव टांगणीला लागला.

एका दुपारी त्यांनी मला खुणेनं बोलावलं. बेडकी पाण्यात उतरली होती. मागच्या पायाच्या बोटानं तिनं स्वतःच पाठीवरची पिशवी उघडली आणि पिल्लं बाहेर सोडली. सगळी जिवंत, वळवळणारी! ती मात्र एकाकडेही न बघता फांदीवर जाऊन बसली.

"सुटली बिचारी," मी म्हणालो.

साडू डोळे पुसत होते. "आमची आईही विमानतळावर अशीच. 'जा आता' म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली. फार राग आला होता मला."

तळघरात रेंज नाही, म्हणून अंगणात येऊन त्यांनी सांगलीला फोन लावला. आईचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला, "काय रे, आज रविवार आहे का?"

"नाही. तू बोल, मी ऐकतोय."

मग माउलीनं शेजारच्या सुनेपासून बिघडलेल्या लोणच्यापर्यंत सगळं सांगितलं, आणि एरवी फक्त रविवारी फोन करून दोन वाक्यांत ठेवणारे आमचे साडू भर उन्हात उभे राहून ऐकत राहिले.