आबांना ऐकू न आलेली शिट्टी

"उगा ऱ्हाय, आयकू दे!"

आबांच्या दुकानात पाय टाकला की पहिलं हेच कानावर यायचं. नमस्कार केला तरी हेच, चहा घेऊन गेलात तरी हेच. मग ते पंखा बंद करायचे, ट्यूबलाइट बंद करायचे आणि धुळ्यातल्या मे महिन्यात आपण चार माणसं एका बिघडलेल्या ॲम्प्लिफायरभोवती घाम पुसत गप्प उभे. एकदा एका गिऱ्हाइकाला शिंक येऊ लागली, तर आबांनी त्याला हात धरून रस्त्यावर नेऊन सोडलं. शिंकून झाल्यावरच आत घेतलं.

असा एखादा कारागीर तुमच्याही गावात असेल. मीटर बाजूला ठेवून कानानं काम करणारा. रेडिओ, टेप, लग्नातले भोंगे, देवळातला माइक, सगळं आबांनी कानानंच दुरुस्त केलं. "मीटर काय सांगस? करंट शे का नही, इतलंच. दुखनं कोठे शे, ते कान सांगतस," असं म्हणायचे आणि कानाच्या पाळीला बोट लावायचे.

मी अण्णांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. अण्णा आमचे मालक. हळदीचे कार्यक्रम घेत अहिराणी गाणी घेऊन खानदेशभर फिरतात. पाच वर्षांपूर्वी मला ओव्हरड्राइव्हच्या पेडलचं वेड लागलं. पायानं दाबलं की गिटारचा साधा आवाज खरखरीत, दणदणीत करून टाकणारी वस्तू. मोबाइलवर तिच्या सर्किटचा नकाशा शोधला आणि आबांसमोर धरला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बराच वेळ पाहिला. "करूत," म्हणाले. आणि पोळ्यांच्या चपट्या स्टीलच्या डब्यात त्यांनी ते पेडल बसवून दिलं. मी त्याला डबाच म्हणायचो.

पहिल्या दिवशी डबा नुसता घुमायचा. घूंऽऽ. आबा वैतागले नाहीत, उलट त्यांचे डोळे चमकले. आधी गिटार काढली, घूं तसाच. ट्यूबलाइट बंद, तसाच. मग एकेका वायरीवर बोट टेकवत गेले. एका ठिकाणी बोट टेकलं आणि आवाज खाली बसला. "आठेच राहस हाऊ," म्हणाले, म्हणजे हा इथंच राहतो. अर्थिंगची तार डब्याला नीट टेकलीच नव्हती. कथिलाचा एक थेंब पडला आणि डबा गप्प झाला. मी टाळ्या वाजवल्या, तर पुन्हा "उगा ऱ्हाय!" कारण त्यांना ती शांतता ऐकायची होती.

देताना एकच अट घातली. डबा चौकोनी बॅटरीवरच चालवायचा. घरची लाइन त्याला दाखवायची नाही.

आता माझे प्रताप ऐका. लग्नसराईत बॅटरी ऐन गाण्यात मान टाकायची आणि नवी आणून ठेवायचा मला कंटाळा. म्हणून मी अक्कल चालवली. घरी वायफायचा जुना अ‍ॅडॅप्टर पडला होता. त्याची वायर कापून मेलेल्या बॅटरीच्या उचकटून काढलेल्या टोपीला जोडली. टोपी डब्यातल्या क्लिपला बसली, दिवा लागला, स्वारी खूश. दोंडाईच्याला हळदीच्या संध्याकाळी पहिलं गाणं सुरू झालं आणि सगळ्या स्पीकरमधून बारीक, टोचणारी शिट्टी निघाली. नवरदेवाच्या मावशीनं कानात बोटं घातली. अण्णा माइकवरच ओरडले, "कोण रे शिट्टी मारतोय?"

"आबांचा डबा खराब आहे," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. इथपर्यंत माझा दोष नाही, असं मी स्वतःला अजून सांगतो.

दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः माझ्याबरोबर दुकानात आले. आबा रागावतील म्हणून मी अ‍ॅडॅप्टर घरी ठेवला होता आणि डब्यात नवी बॅटरी घातली होती. आबांनी पंखा बंद केला. ट्यूबलाइट बंद केली. स्पीकरला कान लावला.

"माले ते काहीच आयकू येत नही," ते म्हणाले. "तुले येस?"

शिट्टी नव्हती. अजिबात नव्हती. भानगड माझ्या अ‍ॅडॅप्टरची आहे हे त्या क्षणी मला लख्ख कळलं. पण बाजूला अण्णा उभे. काल भर मांडवात त्यांची शोभा झालेली आणि मी आबांचं नाव घेऊन बसलेलो. तोंडातून निघून गेलं, "येतेय की, आबा. बारीक आहे."

आणि अण्णा! लगेच मान डोलावून म्हणाले, "हो हो, येतेय ना. चांगली येतेय." त्यांना काय ऐकू आलं देव जाणे. ऑर्केस्ट्राचा मालक, आपल्याला ऐकू येत नाही असं तो कसं कबूल करणार? आबांनी आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. दोघांना येतेय आणि आपल्याला नाही.

पुढचे आठ दिवस त्या माणसानं नसलेला आवाज शोधला. साध्या वायरी काढून जाळीच्या घातल्या. आयसी बदलला. कपॅसिटर लावले, काढले, दुसरे लावले. एकेक टाका वितळवून पुन्हा घातला. दर वेळी मला फोन, "ये, आयक." मी जायचो. "आते?" ते विचारायचे. "थोडी आहे अजून, आबा." असं का म्हणत होतो? लगेच 'गेली' म्हटलं तर संशय येईल म्हणून! काय हा नालायकपणा. चौथ्या खेपेला त्यांचे डोळे लाल दिसले, तेव्हा माझाच जीव कासावीस झाला. म्हटलं, सुटू दे बिचाऱ्यांना. "गेली, आबा! एकदम साफ!"

मला वाटलं, हसतील. ते खुर्चीत बसले.

"होती तवय आयकू नही उनी," हळूच म्हणाले. "गयी ते बी समजनं नही. मना कान गयात रे."

मी दया दाखवायला गेलो होतो आणि कान गेल्याची त्यांची पुरती खात्री पटवून आलो. तिथंच सगळं ओकून टाकायला हवं होतं. मी डबा उचलला आणि घरी आलो.

त्याच आठवड्यात आबांनी दुरुस्तीला आलेली सगळी यंत्रं ज्याची त्याला परत केली. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. बारीक आवाज थोडे कमी येतात, वयाच्या मानानं ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले. आबांनी त्यातलं 'कमी येतात' एवढंच घरी आणलं. हत्यारं भंगारात दिली. अण्णांनी गावभर कौतुकच केलं, "बिचारे बहिरे झाले, तरी माझं काम करून दिलं!" लोक आबांशी ओरडून बोलू लागले. आणि माझा डबा बॅटरीवर सुरेख वाजत होता. त्याच्यावर पाय ठेवताना मला दर वेळी लाज वाटायची, तरी मी पाय ठेवायचो.

अशी तीन वर्षं गेली. त्यांच्या गल्लीवरून जायचं असलं तर मी वळसा घालून जायचो. शेवटी राहवेना, तेव्हा एका दुपारी घरी गेलो. आबांच्या पत्नी, अक्का, चहा टाकायला आत गेल्या. मी सगळं सांगितलं. अ‍ॅडॅप्टर, नवी बॅटरी, 'येतेय की', सगळं. शरमेनं आवाज पार खाली गेला होता, तरी आबांनी एकही शब्द पुन्हा विचारला नाही.

आधी ते हसले. खरंच हसले. आत पाहून ओरडले, "आयकं का वं? मना कान चांगला शेतस!"

मग हसू मावळलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "मंग मी तीन वरीस घरमा कसाले बसनू?"

मी पाय धरायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. "मना पाय नको धरू. अण्णाले सांग. त्यानीच बठ्ठा गावले सांगं, आते त्यालेच सांगू दे, आबाना कान चांगला शेतस. मंग गिऱ्हाईक येई."

अक्का चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप माझ्यापुढे न ठेवता त्या तो परत आत घेऊन गेल्या. बरोबरच केलं.

मी सांगणार होतो हो. पण लग्नसराई तोंडावर आलेली आणि अण्णांचा स्वभाव तापट. आपल्याला वेड्यात काढलं हे कळलं असतं, तर माझी गिटार त्याच दिवशी घरी बसली असती. म्हटलं, सीझन संपू दे. मग म्हटलं, अण्णांच्या मुलीचं लग्न होऊन जाऊ दे. मग काहीच म्हटलं नाही. आज तुम्हाला हे सांगतोय तेसुद्धा अण्णा काही वाचत नाहीत या भरवशावर.

एका सकाळी अण्णांचाच फोन आला. आबा झोपेतच गेले होते.

घरी पोचलो तेव्हा अक्का माझ्याकडे न बघता बोलल्या. मी सांगून गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी आबांनी दुकान झाडून काढलं होतं. नवीन सोल्डरिंग गन आणली होती. रोज सकाळी दहाला शटर वर करून ते बसायचे आणि संध्याकाळी शटर ओढून घरी यायचे. "आज अण्णा येई, म्हनेत," अक्का म्हणाल्या. "रोज म्हनेत."

अमरधाममध्ये अण्णा माझ्या शेजारी उभे होते. डोळे पाण्यानं भरलेले. भोवती आबांची सगळी जुनी गिऱ्हाइकं जमली होती, भोंगेवाले, बँडवाले, देवळाचे पुजारी. गाव गाव म्हणतात ते हेच, आणि ते सगळं एका जागी उभं होतं. अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय हाताचा माणूस होता! फक्त कान तेवढे गेले बिचाऱ्याचे."

अण्णांनी सांगितलेली डब्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे सगळे माझ्याकडे पाहू लागले. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हो ना, अण्णा," मी म्हणालो.