बोडणात घातलेला हात

"उभी राहा आणि सगळ्यांसमोर माफी माग."

काकू हे अगदी शांत आवाजात म्हणाल्या. चहाचा ट्रे टेबलावर ठेवता ठेवता. अमेरिकेतल्या बॉथेल गावातलं त्यांचं मोठं घर, हॉलमध्ये आम्ही वाचनकट्ट्याची दहा-बारा माणसं. सगळी मराठी, सगळी शिकलेली. खाली बेसमेंटमध्ये मुलांचा मराठीचा क्लास चालू होता. तो काकूंनीच सुरू केलेला. माझी आठ वर्षांची लेक, तिष्या, खाली होती.

आणि मी उभी राहिले.

हे आधीच सांगून टाकते, कारण मला तेच सगळ्यात जास्त झोंबतं. कुणी हाताला धरून उठवलं नाही. पीएचडी केलेली बाई मी. लॅबमध्ये माझ्या हाताखाली माणसं आहेत. पण हुकूम कानावर पडला आणि गुडघे आपोआप सरळ झाले. मान खाली गेली. आमच्या कितीतरी पिढ्या अशाच उभ्या राहिल्या असतील, दुसऱ्याच्या अंगणात, चपला हातात घेऊन. माझ्या पायात तर त्यांच्याच घरातले पाहुण्यांचे सपाते होते.

गुन्हा काय होता माझा? ऐका.

फेब्रुवारीत काकूंकडे बोडण होतं. नातू झाला म्हणून. ज्यांच्यात हे नसतं त्यांच्यासाठी सांगते. परातीत देवी ठेवायची, तिच्यावर पुरण, दूध, दही, तूप, मध घालायचं आणि सवाष्णींनी एका कुमारिकेला मध्ये घेऊन ते हातांनी कालवायचं. दार लावून. बाहेरच्या माणसानं बघायचंसुद्धा नाही. त्या दिवशी सकाळी एक सवाष्ण तापानं झोपली. काकूंचा मला फोन आला. "अगं, तू ये ना. आणि तिष्याला पण आण, कुमारिका कुठून मिळवू मी इथे?"

मी म्हटलं, "काकू, आमच्यात हे नसतं. मला काही माहीत नाही."

त्या हसल्या. "अगं, देशस्थ असलीस तरी चालतंय आता. अमेरिकेत कोण बघतंय!"

देशस्थ! माझं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. वाढले पुण्यात, तेव्हा भाषा तिथली. झालं, ठरली माझी जात. मला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. आपल्या घरात वाचायला बसते, हसते, चांगली बोलते, म्हणजे ही आपल्यातलीच असणार. दुसरी कोण असणार?

मी बौद्ध आहे. देवीशी माझं काही घेणंदेणं नाही. परातीत हात घातला तो काकूंची अडचण होती म्हणून. त्याच हिवाळ्यात आम्ही या गावात नवीन आलो, तेव्हा त्यांनी मला डबे पाठवले होते. माणूस माणसासाठी करतो तेवढंच मी केलं. तिष्याला पाटावर बसवलं, काकूंनी तिचे पाय धुतले, टॉवेलनं पुसले. तिला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली. ती काकूंना आजी म्हणते.

कालवलेलं बोडण गायीला घालायचं असतं म्हणे. बॉथेलमध्ये गाय कुठली? ते सगळं पुरण, तूप, मध गेलं कंपोस्टच्या हिरव्या डब्यात. त्यानं काही बाटलं नाही.

मग एप्रिलची चौदा तारीख आली. जवळच्या रेडमंडला हॉल घेऊन आमच्या लोकांचा कार्यक्रम झाला. मी पांढरी साडी नेसले, निळ्या झेंड्याजवळ उभी राहून फोटो काढला आणि व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. दरवर्षी ठेवते. या वर्षी काकूंचा नंबर माझ्याकडे होता आणि माझा त्यांच्याकडे. त्यांनी ते बघितलं. फोन केला नाही, विचारलं नाही. वाचनकट्ट्याचा शनिवार येईपर्यंत थांबल्या.

आणि शनिवारी पुस्तक कुठलं होतं? एक इंग्रजी कादंबरी. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचं याच देशातलं एक गाव, कडक सोवळ्यातली गोरी धार्मिक माणसं. एक बाई दुसऱ्या गावाहून येऊन तिथे राहते. प्रार्थनाघरातला पवित्र पाव सगळ्यांबरोबर खाते. पुढे कळतं, की आधीच्या गावानं तिला बाहेर टाकलेलं होतं. मग दर रविवारी तिला स्टुलावर उभी करतात, सगळ्या गावाकडे तोंड करून. पाप कबूल कर म्हणतात. गावात मूल आजारी पडलं तरी हिच्यामुळे. शेवटी ती रडत रडत कबूल करते आणि लोक तिला जवळ घेतात.

काय हळहळले सगळे! एकीचे तर डोळे भरून आले. काका म्हणाले, "या लोकांचा धर्मच तसला. आपल्याकडे असला छळ नाही." मी म्हटलं, "पण हिनं पाप काय केलं, तेच मला कळलं नाही." काकूंनी माझ्या मांडीवर थाप मारली. "तेच तर! तिनं कबूल करायलाच नको होतं. मला शेवट अजिबात पटला नाही."

त्यानंतर अर्ध्या तासात चहा आला. आणि मी उभी.

"तू आमच्यापासून लपवलंस," काकू म्हणाल्या. "बोडण बाटवलंस. त्या दिवसापासून आमच्या बाळाचा कान वाहतोय."

कान! लहान मुलाचं कानाचं इन्फेक्शन! घरात दोन इंजिनियर, एक डॉक्टर सून. कुणी हसलं नाही.

काका समजावणीच्या सुरात म्हणाले, "आम्ही जातबीत काही मानत नाही हं. प्रश्न प्रामाणिकपणाचा आहे."

"एकदा माफी मागितलीस की विषय संपला," काकू म्हणाल्या. "तिष्याचा क्लासही चालू राहील. मुलांना कशाला यात ओढायचं?"

ओढलं तर होतंच. शेजारी रश्मी बसली होती. माझी मैत्रीण, मला या कट्ट्यावर आणणारी. तिनं माझी ओढणी हळूच खेचली. "बोलून टाक ना यार. एक सॉरी तर म्हणायचंय."

खरं सांगते, शब्द ओठांवर आला होता. नवरा सहा महिने भारतात, इथे माझं दुसरं कोणी नाही. तिष्याला आठवडाभर या क्लासचीच ओढ. एक सॉरी. आणि त्याच क्षणी संताप आला. माफी कसली मागू? परातीत हात घातल्याची? का जन्माला आल्याची? हात तर मी धुतले होते, साबणानं, त्यांच्याच बेसिनला. म्हणजे राहिलं एकच. मी आहे, याची माफी.

मी मान वर केली.

"काकू, मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, आमच्यात हे नसतं. देशस्थ तुम्ही ठरवलंत. आणि आत्ता तुम्हीच म्हणालात, त्या बाईनं कबूल करायला नको होतं."

"ती कादंबरी आहे," काकू म्हणाल्या. "हे माझं घर आहे."

"मग तुमच्या घरात माफी तुम्ही मागा. माझी आणि माझ्या लेकीची. मी नाही मागणार. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही."

रश्मी फोनमध्ये डोकं घालून बसली. त्या कादंबरीतल्या बाईसाठी रडलेली ती बाई खिडकीबाहेर बघत होती. त्यांची मला चीड आली, शिसारी आली, अजूनही येते. एका काल्पनिक बाईसाठी रुमाल काढायचा आणि समोरच्या बाईला स्टुलावर चढवायचं!

मी खाली गेले, तिष्याला क्लासमधून उठवलं. तिचं जॅकेट, तिचे बूट. ती रडायला लागली, "बट क्लास इज नॉट ओव्हर." वर येऊन आम्ही हॉलमधून दाराकडे निघालो. "बाय आजी," तिष्या म्हणाली. काकूंनी तोंड फिरवलं.

लहान असली तरी तिला ते कळलं. गाडीत सीटबेल्ट लावता लावता तिनं मला विचारलं, "मम्मा, व्हॉट डिड यू डू?"

तू काय केलंस! त्यांनी काय केलं, हे तिनं विचारलं नाही. आठ वर्षांची पोर, अमेरिकेत जन्मलेली. कुणी न शिकवता तिनंही आईलाच गुन्हेगार धरलं.

मी गाडी चालू केली नाही. तिथेच, त्यांच्या ड्राइव्ह-वेमध्ये, तिला सगळं सांगितलं. आपण कोण, आपल्या माणसांना कुणी काय केलं, आजीनं तोंड का फिरवलं. मराठीत सांगितलं, नाही कळलं तिथे इंग्रजीत. काही गोड करून सांगितलं नाही. ती रडली, तर रडू दिलं. काकू खिडकीच्या पडद्याआडून बघत होत्या. बघू दे.

आता मी कुठेही गेले तर आधी सांगते, मी बौद्ध आहे, पूर्वाश्रमीची महार. कुणाचा चेहरा उतरला तर उतरू दे. माझ्या लेकीनं एकदा विचारलं, तू काय केलंस. ती पुन्हा तसं विचारणार नाही. यापुढे ती त्यांना विचारेल, तुम्ही काय केलंत. आणि उत्तर मिळेपर्यंत जागची हलणार नाही.