ठिपक्यांच्या रांगेतला न

बाबा गेल्यावर मी त्यांच्या नाण्यांची यादी केली. सत्तेचाळीस नग, अनुक्रमांक घालून. एकविसाव्या ओळीत लिहिलं: होन, मराठेशाहीतला, सोन्याचा, एक. मुलुंडचे एक संग्राहक रविवारी पाच वाजता खास त्यासाठी बोरिवलीला आमच्या घरी येणार होते. तो अस्सल आहे, असं दादाने त्यांना सांगूनही टाकलं होतं.

हा होन कपाटात नव्हे, देव्हाऱ्यात असायचा. दर लक्ष्मीपूजनाला आई, आणि तिच्यानंतर मी, त्याला हळदकुंकू वाहायचो. वाहिलेलं कुंकू धुवायचं नाही, हा आईचा नियम. इतक्या वर्षांत कडेच्या बारीक ठिपक्यांत लाल थर घट्ट बसला होता. पाहुण्यांपुढे तसाच ठेवणं मला पटेना. दुपारी तो रिठ्याच्या पाण्यात भिजवला आणि मऊ ब्रशने हलकेच साफ केला.

थर निघाला. ठिपक्यांच्या रांगेत एका जागी ठिपका नव्हताच. भिंग लावलं तर तिथे खसखशीच्या दाण्याएवढा 'न' होता.

बाबांच्या मित्राला फोन केला. या काकांचं मालाडला नाण्यांचं दुकान आहे. ते हसले. "सापडला का? नकलेचा न आहे तो. तुझ्या बाबाने अंधेरीच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत साचा कोरला. पितळेवर सोन्याचा मुलामा. तुझ्या आईने हौसेने देव्हाऱ्यात ठेवला, मग त्याला सांगवेना."

"पण काका, अशी नक्कल करणं गुन्हा नाही?"

"आज बाजारात चालणारं नाणं केलं असतं तर आत गेला असता. हे शोभेला ठेव खुशाल. खरं म्हणून विकलंस तर मात्र फसवणूक. त्याला तीच भीती होती. म्हणाला, मी नसताना पोरांनी विकला तर?"

दादाला सांगितलं तर तो वैतागला. "तुला धुवायचा कसला सोस गं? कुंकू परत भर आणि गप्प बस. कोण बघतंय?"

मी भिंग त्याच्या हातात दिलं. तो खिडकीशी गेला आणि बराच वेळ तिथून हललाच नाही.

"हे हाताने कोरलंय?"

"हाताने."

"ठिपके सगळे सारख्या अंतरावर आहेत गं. तो न धरूनसुद्धा."

मग आम्ही आळीपाळीने बघत बसलो. चहा गार झाला. रोज आमच्यासमोर बसून जेवणाऱ्या माणसाचा हात असा होता, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

पाच वाजता संग्राहक आले. दादाने होन पुढे ठेवला आणि आधी न दाखवला. "नक्कल आहे. आमच्या वडिलांनी केलेली. तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं मी."

त्यांनी कितीतरी वेळ भिंग डोळ्यावरून काढलं नाही. "नक्कल म्हणूनच देता का?"

"नाही," दादा माझ्याआधी म्हणाला.

यादीत मी 'मराठेशाहीतला' आणि 'सोन्याचा' हे दोन शब्द खोडले. पुढे लिहिलं: बाबांनी केलेला. त्याखाली एक सूचना: दिवाळीत कुंकू मधोमध वाहायचं, कडेला नाही.