बाळंतिणीला सांगायचं राहिलं

“काय ते मला सांगा, बाळंतपण मी करणारेय,” असं सिस्टरना म्हणत आईने नातवाला शालीत गुंडाळलं. काल दुपारी माणिकपूरच्या इस्पितळातून वहिनीला घरी सोडत होते.

सिस्टरनी आंघोळ, दूध, लशी सगळं आईला सांगितलं. मग त्या वहिनीकडे वळल्या. “सारखं रडू येत राहिलं, झोप लागेना, बाळ नकोसं वाटलं, तर अंगावर काढू नका. हा आजार असतो आणि तो बरा होतो. असं वाटलं की...”

“घरी निघताना असलं बोलू नये, बाय,” आईने तोडलं. “आमच्याकडे नाही होत कुणाला.”

भाऊ हसला आणि बाईक काढायला गेला. मी बॅग उचलली.

रिक्षात वहिनी हळूच म्हणाली, “ताई, मला आत्ताच तसं वाटतंय.”

आईने ऐकलं असावं. ती बाहेर बघत राहिली.

तुमच्या घरच्या बाळंतिणीला हे कुणी सांगितलं होतं का? की सगळं सासूलाच सांगून झालं?

आज सकाळी मी वहिनीला परत इस्पितळात नेलं. आई बाळाला घेऊन सोबत आली. वाटभर वहिनीने बाळाकडे पाहिलं नाही.