यान आपलं की त्यांचं

अवकाशाकडे पाहताना माणसाला आपल्या क्षुद्रतेची जाणीव होते, असं थोरामोठ्यांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहून ठेवलं आहे. आमच्या घरात अवकाशयान आलं तेव्हा पहिली जाणीव झाली ती वाट्या कमी असल्याची.

यान मेहुण्याने आणलं. तो अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत होता. गणपतीत आला तेव्हा बॅगेतल्या कपड्यांच्या मधून त्याने एक मोठा खोका काढला. खोक्यावर काळंभोर आकाश आणि त्यात करड्या रंगाचं यान, एका परदेशी विज्ञानपटातलं. आत मात्र यान नव्हतं. प्लास्टिकचे हजारावर ठोकळे होते, आणि ते एकमेकांत अडकवून यान आपणच बांधायचं होतं. सोबत एक प्रमाणपत्र होतं. हा संच मर्यादित संख्येत काढलेला असून संग्राह्य आहे, असं त्यावर लिहिलं होतं. वयोगट सोळा वर्षांच्या पुढचा. म्हणजे जिच्यासाठी तो आणला ती त्याची चौथीतली भाची, आमची मुलगी, सोडून घरातले सगळेच पात्र होते.

"लगेच उघडू नका हं," मेहुणा म्हणाला. "तिकडं लोक असे खोके न उघडता ठेवतात. पुढं भाव येतो."

बायकोला हे लगेच पटलं. आमच्या लग्नात आलेला डिनर सेट तोवर याच तत्त्वावर काचेच्या कपाटात बसून होता, खोक्यासकट. मुलीला पटलं नाही.

"न उघडता ठेवायचं तर रिकामं खोकं आणायचं की, मामा," ती म्हणाली.

मामाची गाडी पुण्याला निघाली, ती वळणापलीकडे गेल्याची खात्री केली आणि आम्ही खोका फोडला.

त्यानंतरचे दिवस मला अजून लख्ख आठवतात. मी तोवर आयुष्यात बरंच काही वाचलं होतं, पण एकही शब्द नसलेलं इतकं जाड पुस्तक पाहिलं नव्हतं. नुसती चित्रं. कुठला ठोकळा, कुठे, कसा. घरातल्या सगळ्या वाट्यांत रंग आणि आकारांप्रमाणे ठोकळे ओतले होते, आणि आमटी पेल्यातून वाढली जात होती. दुपारी मी जेवायला म्हणून घरी यायचो आणि जेवायचं विसरायचो. मुलगी शाळेतून आली की दप्तर दारातच टाकायची आणि ओरडायची, "माझ्याशिवाय लावलं का तुमी काही?" मी नाही म्हणायचो. ती पान उलटून तपासायची. एकेक ठोकळा बसताना जो बारीक टक् आवाज येतो, त्याचं आम्हा दोघांना व्यसन लागलं होतं. सांगाड्याला पोट आलं, पोटाला पंख आले, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटचा ठोकळा नाकावर बसला तेव्हा आम्ही दोघं इतके ओरडलो की शेजारच्यांना वाटलं आपण क्रिकेटची मॅच जिंकलो.

दसऱ्याला बायकोने स्कूटरला हार घातला, शिलाई मशीनला घातला, आणि तिसरा हार घेऊन यानापुढे क्षणभर थांबली. "वाहन आहे ना?" तिने विचारलं. आहे म्हटल्यावर तिने नाकाला हळदकुंकू लावलं आणि पंखाला लिंबू-मिरची बांधली. संग्राह्य वस्तू तिथे संपली आणि घरची वस्तू सुरू झाली.

मग दिवाळी आली, आणि दिवाळीबरोबर किल्ला.

किल्ला सगळीकडेच करतात, पण जुन्नरला करणं अवघड. इथे प्रत्येक आळीचा किल्ला शिवनेरीच असतो, आणि किल्ल्यांच्या स्पर्धेच्या परीक्षकाने नुसती मान वर केली की मूळ गड दिसतो. चूक लपत नाही. आमच्या आळीतली पोरं कुकडीकाठची माती पोत्यांनी आणत, दगड रचत, सातही दरवाजे करत. मुलींकडे एकच काम असायचं. तयार झालेल्या गडावर गवत उगवावं म्हणून हळीव पेरणं. माझ्या मुलीने आदल्या दोन दिवाळ्यांत फक्त हळीव पेरले होते. या वर्षी तिला एकच गोष्ट हवी होती. यान गडाच्या माथ्यावर, महाराजांच्या शेजारी उभं राहायला हवं होतं.

पोरं यान बघायला आली आणि दारातच थबकली. त्यांचा म्होरक्या टेम्पोवाल्यांचा थोरला, आठवीतला. तो यानाभोवती फिरला, खाली वाकून पोट बघितलं.

"हौदा लई मोठा हाय राव ह्याचा. टमाट्याचं क्रेट बसतील."

"हे लढाईचं यान आहे," मुलगी म्हणाली.

"मग लढतं कुणाकडनं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी बायकोकडे पाहिलं. सिनेमा आमच्यापैकी कुणी पाहिलाच नव्हता. जुन्नरच्या थेटरात तो कधी लागेल असं मानायला कसलाही आधार नव्हता.

"आपलं असंल तर वर लावू," म्होरक्या म्हणाला. "त्यांचं असंल तर खाली. शत्रू पायथ्याला असतोय."

"आणि वरनं दगुड टाकायचं त्याच्यावर," दुसरा उत्साहाने म्हणाला.

मुलीचा चेहरा उतरला. घरच्या फोनवरून परदेशी नंबर लागत नसे, म्हणून मी तिला घेऊन फोनच्या बूथवर गेलो आणि अमेरिकेचा नंबर लावला. तिकडे मेहुणा नव्हता. त्याचं यंत्र इंग्रजीत काहीतरी बोललं आणि शिट्टी वाजली. मुलीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि ओरडून सांगितलं, "मामा, यान आपलं का त्यांचं? रविवारी किल्ला बघाया येणारेत. लवकर सांग!" बूथवाला म्हणाला, "बेबी, ओरडू नको. अमेरिकेला मशीननंच ऐकू जातं."

शुक्रवार गेला, उत्तर आलं नाही. शनिवारी सकाळी गड तयार झाला आणि पोरं यान न्यायला दारात आली, पायथ्याची जागा मोकळी ठेवून. मला वाटलं, आता रडणार. ती रडली नाही. तिने विचार केला होता.

"त्यांचं असलं तरी आता कुणाकडंय?"

"तुझ्याकडं," म्होरक्या म्हणाला.

"लढाईत जिंकलेला घोडा कुठं बांधतात? पायथ्याला का गडावर?"

म्होरक्याने डोकं खाजवलं. "गडावर."

"मग?"

"पण लढाई कुठं झाली?" मागून एकाने विचारलं.

"विमानतळावर. कस्टमवाल्यांनी मामाला किती येळ अडवून धरलं व्हतं, माहितीय का!"

चौघांनी मिळून यान उचललं, सगळी आळी पुढे-मागे, "हळू, हळू, पंख!" असं ओरडत निघाली. मिरवणूक मला सहसा आवडत नाही. त्या दिवशी मीही ओरडत होतो.

रविवारी परीक्षक आले. एक माजी सभापती, फेट्यासह, आणि त्यांच्या मागे चित्रकलेचे एक निवृत्त सर, कागदासह. सरांनी वर गड बघितला, खाली किल्ला बघितला, दरवाजे मोजले, समाधानाने मान हलवली. मग त्यांची नजर माथ्यावर गेली.

"हे काय? त्या काळात यान नव्हतं. हे उचला, मग गुण देतो."

मुलीने गडाची कड घट्ट धरली. मागे पोरांमध्ये कुजबुज सुरू झाली. पहिला नंबर यानापायी जाईल, हे सगळ्यांना दिसत होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्होरक्या पुढे झाला.

"सर, त्या काळात प्लास्टिकचं मावळं पण नव्हतं. मावळं उचलू का?"

सरांनी कागद खाली केला. सभापतींना मात्र भाषणाला विषय सापडला होता. सकाळपासून सहा आळ्यांत ते गडकोटांवर बोलून बोलून थकले असावेत. "राहू द्या, सर, राहू द्या!" ते म्हणाले, आणि फोटोवाल्याकडे तोंड करून उभे राहिले. "याच मातीतून उद्याचं यान झेपावणार आहे! या चिमुकलीनं गडावर यान उतरवून अवघ्या तालुक्याला दिशा दाखवली आहे! हे यान म्हणजे आपल्या आकांक्षा, आपला स्वाभिमान!" असं म्हणत त्यांनी गळ्यातला हार काढून यानाला घातला. हाराच्या वजनाने डावा पंख निखळला आणि गडावरच्या पाण्याच्या टाक्यात पडला. मुलीने तो बाहेर काढला, फ्रॉकला पुसला आणि टक्कन जागेवर बसवला. "हीच ती जिद्द!" सभापती गरजले. टाळ्या झाल्या. मुलगी आनंदाने इतकी लाल झाली होती की मला सभापतींचाही राग आला नाही.

आमचा दुसरा नंबर आला. पहिला नंबर शिवनेरीवर मोटारीने चालणारा धबधबा सोडणाऱ्या आळीला मिळाला. त्याचं कुणालाच दुःख झालं नाही. पुढच्या वर्षी महादरवाजा कुणी बांधायचा यावर पोरं तिच्याशी तिथेच भांडायला लागली होती. मंगळवारी पेपरात फोटो आला. सभापती, हार, यान, आणि कोपऱ्यात मुलीची अर्धी वेणी. खाली छापलं होतं, 'स्वाभिमानाचे यान गडावर'. बायकोने कात्रण यानाच्या प्रमाणपत्राशेजारी भिंतीवर लावलं.

भाऊबीजेला मेहुण्याचा फोन आला, बहिणीला. मुलीने रिसीव्हर आईच्या हातातून ओढून घेतला आणि एकदाचं विचारलं. मग रिसीव्हर आईकडे देऊन माझ्याकडे आली.

"मामा म्हणतो, ते आपलं पण नाय आणि त्यांचं पण नाय. सिनेमात ते दोन्हीकडचा कचरा नेतं."