कान्हूचा डावा पाय

धरमतरच्या मिठागरात उतरताना भेगाळलेल्या पायांना खारं पाणी झोंबायचं आणि जो तो शिवी हासडायचा. चौऱ्याण्णव साली एका सकाळी कान्हूच्याही ओठांवर शिवी आली, पण डावा पाय गप्पच! जिवाला घोर लागला, तसा तो पेणला डॉक्टरांकडे धावला.

"कुष्ठरोग आहे, गोळ्यांनी बरा होईल," डॉक्टर म्हणाले. "रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या काही जगावेगळ्या, थेट कातडीतच पहारा देतात. सगळ्या लढताहेत, पण त्या लढाईत तुमची नस होरपळलीय."

"मंजे राखणदारांनीच घर जाळलं व्हय?" कान्हू उसळला.

रोग गेला, पाय मात्र बधिरच राहिला. गावाला कळलं तर? तेव्हापासून पाण्यात उतरताना सगळ्यांत मोठ्यानं शिवी कान्हूच हासडू लागला.