शेव सोडलेल्यांची टोळी

डाएट करणाऱ्या माणसाचं वजन घटो न घटो, त्याच्याकडचे किस्से मात्र वाढतच जातात. आमच्या टोळीत माणसं चारच, पण एक किस्सा सांगायला घेतला की बाकीचे रांग मोडून पुढे येतात. लोक पोट धरून हसतात. मीही सांगताना हसतो. पण खरं सांगू? यातले निम्मे सांगताना मला मनातून लाज वाटते, आणि ज्यात मी स्वतः आहे ते सांगताना तर मान वर करवत नाही.

त्याचं कारण आधीच सांगून टाकतो. माझा धाकटा भाऊ विजू धारला असतो, शाळेत शिकवतो. दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही, तरी त्याचं लिव्हर खराब झालं. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, बदलावंच लागेल. घरात रक्तगट जुळला तो माझा. मी छाती पुढे काढून म्हटलं, "घ्या! पाहिजे तेवढं कापून घ्या!"

डॉक्टरांनी माझा स्कॅन केला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "देना तो आप चाहते हैं, पर हम लें क्या? इसमें तो चरबी ही चरबी है!"

वजन उतरवा, लिव्हरवरची चरबी जाऊ द्या, मग परत स्कॅन करू, असं ठरलं. तोवर विजूनं थांबायचं. म्हणजे माझा भाऊ धारला बसून माझ्या जेवणाकडे डोळे लावून होता, आणि मी देवासला, जिथे सकाळ पोह्यांनी उगवते आणि रात्र रबडीनं मावळते!

*

ही बातमी मी टेकडीवर फिरायला येणाऱ्या मित्रांना सांगितली. घोरपडे सर म्हणजे गणिताचे रिटायर मास्तर. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "तुम्ही एकट्यानं करायचं नाही. आपण सगळे करू." सुषमाताई ब्युटी पार्लर चालवतात, त्यांनी हात वर केला. मुन्नाभिया जाधवचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. तीन पिढ्या देवासला, मराठी अर्धी आणि हिंदी दीड. तो म्हणाला, "भिया, विजूसाठी अपन जहर पण खाऊ!"

"जहर नको," सर म्हणाले, "फक्त शेव सोडा."

मुन्नाभियाचा चेहरा पडला. कारण आमच्या इथे शेव हा पदार्थ नाही, सवय आहे. भाजीवर शेव, वरणावर शेव, काही नसेल तर शेवेवर शेव. तरी टेकडीवरच्या देवीसमोर आम्ही चौघांनी शपथ घेतली आणि मोठ्या रुबाबात खाली उतरलो. पोहे वाफेवरचे असतात म्हणून सरांनी त्यांना परवानगी दिली होती. पायथ्याच्या ठेल्यावर सर म्हणाले, "चार पोहे. बिना सेव के."

पोहेवाल्याचा हात हवेतच थांबला. त्यानं आमच्या चौघांची तोंडं एकेक करून बघितली आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाबूजी... घर में सब ठीक तो है?"

बाकीचे तिघं खो खो हसले. मी पोह्यांकडे बघत राहिलो.

*

सरांनी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नियम काढला, की रोज दुपारी प्रत्येकानं आपल्या ताटाचा फोटो टाकायचा. सुषमाताई भाकरी आणि पालक टाकायच्या. मी दुधी टाकायचो. मुन्नाभिया उकडलेले मूग टाकायचा. रोज मूग, रोज वेळेवर. आम्ही सगळे थक्क! सर तर म्हणायला लागले, "शिका काहीतरी या माणसाकडून."

पण त्याचं पोट काही केल्या आत जाईना. उलट शर्टाचं खालचं बटण रजा घेऊन गेलं.

एका दुपारी सुषमाताईंनी त्याचे फोटो मोठे करून बघितले. पार्लरवाली बाई, भुवईचा एक केस चुकत नाही तिच्या नजरेतून! ग्रुपवर त्यांनी एवढंच लिहिलं, "मुन्नाभिया, तुमच्या मुगावर रोज तीच माशी कशी काय बसते हो?"

मुन्नाभियाचं 'टायपिंग' दिसलं, गेलं, परत दिसलं. मग उत्तर आलं, "ताई, पाळलेली आहे."

*

सुषमाताईंना फार दिवस दुसऱ्यावर हसायला मिळालं नाही. सोनकच्छला त्यांच्या मैत्रिणीच्या घरी वास्तुशांत होती. जेवण दाल-बाफले. ज्यांनी खाल्ले नसतील त्यांना सांगतो, बाफला म्हणजे उकडून मग भाजलेला कणकेचा गोळा, आणि तो तुपात नुसता बुडवत नाहीत, पोहायला सोडतात. वर माळव्याची मनुहार! म्हणजे नको म्हणणाऱ्या पाहुण्याला घरचे वडीलधारे स्वतःच्या हातानं घास भरवणार. भरवलेला घास नाकारला की घरादाराचा अपमान.

ताई तयारीनं गेल्या होत्या. पहिल्या बाफल्यालाच त्यांनी हात जोडले, "बाऊजी, माफ करो. डॉक्टर ने सख्त मना किया है."

मैत्रिणीचे सासरे तूप घेऊन वाकले होते, ते वाकलेलेच राहिले. "कौन से डॉक्टर ने, बेटा?"

ताईंनी देवासच्या आपल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

"अरे, वो तो अंदर बैठे हैं!" म्हातारबुवा खूश झाले. "चौथा बाफला चल रहा है उनका!"

ताईंनी ताट पुढे केलं. दुसऱ्या दिवशी टेकडीवर हे सांगताना त्या हसता हसता मध्येच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, मला ना, तुमच्याकडे बघायला लाज वाटते." मी म्हटलं, "ताई, तुम्हाला कशाला लाज? तुमच्या बाफल्यानं कुणाचं ऑपरेशन अडत नाही." मला वाटलं मी त्यांना धीर देतोय. त्यांनी तोंडच फिरवलं.

*

आता माझी पाळी.

दुधी, मूग आणि टेकडी यांनी काम केलं होतं. पँट कमरेवरून घसरायला लागली होती. परत स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "बहुत अच्छा. बस थोड़ा और. अगले महीने आइए." विजूला मी इंदूरहूनच फोन केला, तर तो इतका आनंदला की त्याला खोकला आला.

आणि त्याच आनंदात मी बसनं देवासला उतरलो. स्टँडवर कचोऱ्या तळत होते. हिंगाचा वास आला. कुणी विचारेल, तुला काय झालं होतं? काही झालं नव्हतं! दुःख नव्हतं, राग नव्हता, कुणी मनुहार केली नव्हती. चांगली बातमी घेऊन आलेला, शुद्धीवर असलेला माणूस सरळ ठेल्यापाशी गेला आणि म्हणाला, "दो देना." ओळखीचं कुणी बघू नये म्हणून मी बसच्या मागे भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. दोन संपल्या. जाऊन आणखी एक आणली.

परत आलो तर भिंतीकडे तोंड करून आणखी एक माणूस उभा. हातात द्रोण. चेहरा ओळखीचा.

"सर!"

घोरपडे सरांचा घास घशातच अडकला. पाणी प्यायले, सावरले, मास्तरकीच्या आवाजात म्हणाले, "मी तुम्हाला बघितलं नाही. तुम्ही मला बघितलं नाही." मी मान डोलावली. आम्ही दोघं हसलोही. मग त्यांना एकदम काय आठवलं कोण जाणे, त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझ्या हातातली कचोरी काढून घेतली आणि उभ्या उभ्या स्वतःच खाऊन टाकली.

"सर, हे काय?"

"तुमच्या भावासाठी खातोय!" सर तोंड भरलेलं असतानाच ओरडले.

*

हा किस्सा इथे संपला असता तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी संध्याकाळी अर्चनाचा फोन आला. अर्चना म्हणजे विजूची बायको. ती रोज फोन करते. चौकशी म्हणून नाही, माया म्हणून.

"भाऊजी, काय जेवलात आज?"

मी म्हणालो, "दुधी."

"इथे पण दुधीच केली," ती म्हणाली. "मुलंसुद्धा कुरकुर न करता खातात आता. म्हणतात, काका खातात तर आम्ही पण खाऊ."

फोन ठेवला तेव्हा माझी बायको माधुरी समोर उभी होती. तिनं माझ्या मिशीकडे बघितलं, जवळ येऊन वास घेतला आणि आत गेली. भांडणारी बाई आहे ती. भांडली असती तर मला जेवण गेलं असतं. नंतर बाहेर येऊन म्हणाली, "तोंड धुऊन या. हिंग येतोय." बस, एवढंच.

*

सकाळी टेकडीवर जायची हिंमत नव्हती. माधुरीनं बूट दारात आणून ठेवले, म्हणून गेलो. वर पोचल्यावर मी कुणाला श्वास घेऊ दिला नाही. म्हटलं, "मी काल कचोऱ्या खाल्ल्या, आणि वर अर्चनाशी खोटं बोललो."

सरांनी घसा साफ केला. "मी पण होतो."

सुषमाताई म्हणाल्या, "सोनकच्छला मी लाडूही खाल्ले होते. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

मुन्नाभिया बुटानं माती उकरत होता. शेवटी म्हणाला, "भिया, मी तर शेव सोडलीच नव्हती."

"एक दिवसही नाही?" सर ओरडले.

"शपथ घेताना पण खिशात होती ना!" त्याचे डोळे भरून आले होते. हसावं की याला मिठी मारावी, आम्हाला कळेना. ताईंनी मात्र मिठीच मारली.

सर म्हणाले, "झालं ते झालं. आज परत पहिला दिवस समजा."

"सर, अपना तो रोजच पहिला दिवस असतो!" मुन्नाभिया डोळे पुसत म्हणाला, आणि सगळ्यात आधी पायऱ्या उतरायला लागला. खाली ठेल्यासमोरून आम्ही चौघंही मान न वळवता गेलो. पोहेवाला मागून हाका मारत होता.

*

रविवारी मी धारला गेलो. बसमध्ये सगळी वाक्यं पाठ करत होतो. विजू पलंगावर बसला होता, डोळे पिवळे, हातांच्या काटक्या झालेल्या, पोट तेवढं फुगलेलं. मला बघून म्हणाला, "दादा, केवढा बारीक झालास रे!" ते ऐकून पाठ केलेलं सगळं विसरलो.

अर्चना म्हणाली, "बसा भाऊजी, पान वाढते," आणि आत गेली.

मी विजूजवळ सरकलो आणि हळू आवाजात सांगून टाकलं. की स्कॅनच्याच दिवशी, स्टँडवर, दोन कचोऱ्या खाल्ल्या. तिसरी सरांनी ओढून घेतली नसती तर तीही खाल्ली असती. की अर्चनाला खोटं सांगितलं. की तुझा जीव माझ्या जिभेवर टांगलेला असताना मला एवढंही जमलं नाही. की त्या दिवसापासून परत नीट चाललंय, पण पुढच्या स्कॅनमध्ये काही कमीजास्त निघालं तर ते त्या कचोऱ्यांमुळेच असेल, आणि मला तुला तोंड दाखवता येणार नाही.

विजू खिडकीकडे बघत राहिला. लहानपणी माझ्यावर रागावला की तो असाच बसायचा. मी म्हटलं, "शिव्या दे. पण बोल."

त्यानं आतल्या खोलीकडे एकदा बघून घेतलं. मग माझ्याकडे वळला.

"गरम होत्या?"

"काय?"

"कचोऱ्या. गरम होत्या का?"

मी म्हटलं, "हो. कढईतल्याच."

कित्येक महिने त्याचं मीठ जवळजवळ बंद आहे. त्यानं डोळे मिटले. "फोडल्यावर वाफ आली?"

"आली."

"चटणी कुठली? आंबट की गोड?"

"दोन्ही घेतल्या होत्या."

"आणि मीठ? मीठ बरोबर होतं?"

मी नुसती मान हलवली. पण त्याचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे बोलावंच लागलं. म्हटलं, "बरोबर होतं, विजू."

आत ताटांचा आवाज झाला. विजूनं माझा हात धरला.

"पहिल्यापासून सांग, दादा. सावकाश. अर्चना दुधी घेऊन येईपर्यंत वेळ आहे."